'उद्गम' वापरून पाहिल्यानंतर : बेवारस ठेवी आणि वारशाचे फसवे ईमेल

बँकांमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या आणि कोणीही दावा न केलेल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधता याव्यात, यासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी 'उद्गम' ही सेवा सुरू केली. घरातील आणि नात्यातील जुन्या खात्यांसाठी मी ती बारकाईने वापरली असून तिच्याबद्दल माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. सापडलेली खाती हे त्याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. खरा बेवारस पैसा वारसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे ज्याने एकदा स्वतः पाहिले, त्याला 'आपल्या आडनावाचे एक गृहस्थ परदेशात निवर्तले असून त्यांची कोट्यवधी डॉलरची ठेव आपली वाट पाहत आहे' असा ईमेल आल्यावर त्याची पारख करण्यासाठी दुसऱ्या कोणाकडे जावे लागत नाही. पुण्यात ज्या घरांतील मुले परदेशी आहेत आणि वडीलधारी मंडळी बँकेचे व्यवहार एकट्याने सांभाळतात, त्या घरांसाठी या सेवेचा हा उपयोग मला ठेवी शोधण्याइतकाच मोलाचा वाटतो.

माझ्या सदाशिव पेठेतील आत्याला आलेला असा एक ईमेल मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आहे. लंडनमधील एका वकिलाच्या नावाने तो लिहिलेला होता. आत्याच्या सासरच्या आडनावाचे एक अभियंता सहकुटुंब अपघातात वारले, त्यांच्या खात्यात एक कोटी पाच लाख डॉलर आहेत, बँकेने वारस हजर करण्याची अखेरची मुदत दिली आहे, वारस न मिळाल्यास रक्कम सरकारजमा होईल, म्हणून आपण वारस म्हणून पुढे यावे, साठ टक्के आपले आणि चाळीस टक्के माझे, आणि हे सर्व तूर्त कोणालाही सांगू नये, असा त्याचा मजकूर होता. आत्याचे दीर तरुणपणी इंग्लंडला गेले होते, त्यामुळे तिला ही गोष्ट अशक्य वाटली नाही, आणि तसे वाटण्यात तिचा भाबडेपणा होता असे मी मुळीच म्हणणार नाही. परदेशी स्थायिक झालेला आणि हळूहळू पत्रव्यवहार तुटलेला एखादा नातलग पुण्यातील कितीतरी कुटुंबांत असतो, आणि असे ईमेल पाठवणारे नेमके त्याच शक्यतेवर विसंबून असतात.

या मजकुरातील सर्वांत दुबळा दुवा आडनावाचा आहे आणि तेथेच थोडे थांबणे आवश्यक आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे वतनांवरून आणि हुद्द्यांवरून आलेली आहेत. एकमेकांशी रक्ताचा कोणताही संबंध नसलेली हजारो घराणी ती लावतात. वारसा आडनावाने ठरत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मालमत्तेसाठी आधी पहिल्या वर्गातील वारस, मग दुसऱ्या वर्गातील, मग पितृकुळातील आणि त्यानंतर इतर आप्त असा क्रम घालून दिलेला आहे, आणि त्या क्रमात प्रत्येकाला आपले नाते पुराव्याने सिद्ध करावे लागते. इंग्लंडचा कायदा वेगळा असला तरी तेथेही नातेच सिद्ध करावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये वारस नसलेल्या मृतांची मालमत्ता 'बोना व्हेकॅन्शिया' या व्यवस्थेखाली शासनाकडे जाते, आणि अशा मालमत्तांची यादी तेथील सरकारी विधी विभाग २०२५ पर्यंत सर्वांना पाहता येईल अशा रीतीने विनामूल्य प्रसिद्ध करत असे. दावा करणाऱ्याने वंशावळ आणि जन्म, विवाह व मृत्यूचे दाखले द्यायचे असतात. तेव्हा लंडनच्या खऱ्या वकिलाला वारस हवा असेल, तर तो नाते विचारील, आजोबांचे नाव विचारील, दाखले मागील. 'आपले आडनाव जुळते, तेवढे पुरेसे आहे' असे जो लिहितो, तो स्वतःच्या लेखणीने आपल्याला खोट्या दाव्यात सहभागी होण्याचे आमंत्रण देत असतो. ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा ते पैसे खरे असते, तरी परक्या माणसाचा वारस असल्याचे भासवून ते घेणे हा गुन्हाच ठरला असता.

ही युक्ती ईमेलपेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने युरोपात आणि अमेरिकेत पत्रे पाठवली जात. त्याच्या सुटकेसाठी थोडा खर्च करा, म्हणजे दडवलेल्या संपत्तीत वाटा मिळेल, असे त्यांत लिहिलेले असे. पुढे नायजेरियातून निघणाऱ्या पत्रांमुळे तेथील दंडसंहितेतील ४१९ हा कलमक्रमांकच या फसवणुकीचे नाव होऊन बसला. मजकूर इतका ठोकळेबाज आणि इंग्रजी इतके अशुद्ध का असते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील कोर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली त्याचे पटण्यासारखे स्पष्टीकरण मांडले. लाखो ईमेल पाठवणे जवळपास फुकट पडते, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे बोलत राहायला वेळ आणि माणसे लागतात. म्हणून जो सावध आहे त्याने पहिल्याच वाचनात बाजूला व्हावे आणि विश्वास ठेवणाराच उरावा, हे पाठवणाऱ्याच्या सोयीचे असते. म्हणजे तो ओबडधोबडपणा ही एक प्रकारची चाळणी आहे. अलीकडे मात्र यंत्राकडून शुद्ध भाषा लिहून घेणे सोपे झाले आहे, त्यामुळे भाषा चांगली आहे म्हणून ईमेल खरा, हा निकष आता कोणीही वापरू नये.

बेवारस पैसा ही कल्पना मात्र खोटी नाही, आणि म्हणूनच खऱ्या व्यवस्थेची ओळख असणे गरजेचे ठरते. ज्या खात्यात दहा वर्षे ग्राहकाने कोणताही व्यवहार केलेला नाही, किंवा ज्या मुदत ठेवीवर मुदत संपल्यानंतर दहा वर्षे कोणी हक्क सांगितलेला नाही, त्यातील रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करावी लागते. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २६ए नुसार २०१४ मध्ये हा निधी उभारला गेला आणि मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. रक्कम निधीत गेली तरी ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. बँक त्याला पैसे देते आणि नंतर निधीतून परत मिळवते. व्याज देणाऱ्या ठेवींवर ११ मे २०२१ पासून निधीकडून तीन टक्के सरळ व्याज मिळते. त्यामुळे जुन्या खात्यातून अचानक डोळे दिपवणारी रक्कम निघेल, अशी अपेक्षा ठेवून या सेवेकडे जाऊ नये. आम्हाला जे सापडले ते एका शिक्षकाने पगारातून बाजूला टाकलेले पैसे होते, आणि ते योग्य हाती पडले याचे समाधान रकमेपेक्षा मोठे होते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. नाव, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड देऊन नोंदणी करावी लागते आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा लागतो. नंतर खातेदाराचे नाव आणि बँक निवडायची, आणि त्याच्या जोडीला पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एखादा क्रमांक किंवा जन्मतारीख द्यायची. यांतील काहीच हाताशी नसेल तर पत्ता देऊनही शोध घेता येतो. निवर्तलेल्या माणसाचे पॅन कार्ड आपल्याकडे बहुधा नसते, पण जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सापडते, म्हणून तो दाखला आधी शोधून ठेवावा असे मी सुचवीन. जुळणारी नोंद असेल तर तिच्यासोबत 'यूडीआरएन' हा विशिष्ट क्रमांक दिसतो. खाते क्रमांक किंवा शाखा त्यावरून तिऱ्हाइताला ओळखता येऊ नये, अशीच त्या क्रमांकाची रचना केलेली आहे. हा संयम मला फार आवडला. तिऱ्हाईत माणसाला उपयोगी पडेल असे तेथे फार थोडे आहे, आणि हक्कदाराला बँकेपर्यंत नेण्यास ते पुरेसे आहे.

पैसे मागण्याची सोय 'उद्गम'वर मुळातच नाही. दावा बँकेतच करायचा, कागदपत्रे बँकेलाच द्यायची आणि पैसे बँकेनेच द्यायचे. सुरुवातीला मला ही त्रुटी वाटली होती. प्रक्रिया समजल्यावर हाच तिचा सर्वांत मोठा गुण वाटू लागला. जेथे पैसे स्वीकारले जात नाहीत आणि दिलेही जात नाहीत, तेथे शुल्क, कर, हमी रक्कम असे काही मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. येथे खटपट सुरू करणारे आपण असतो, नाते आणि ओळख आपल्याला सिद्ध करावी लागते, आणि रकमेचा आकडा पडताळणी झाल्यानंतर बँकेत समजतो. फसव्या ईमेलमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. ते लोक आपल्याला शोधत येतात, आकडा पहिल्याच परिच्छेदात सांगतात, नाते गृहीत धरतात, आणि आपल्याकडून पुरावा मागण्याऐवजी पैसे मागतात. आत्याला मी हे दोन्ही क्रम कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले, तेव्हा तिने तो ईमेल पुन्हा वाचला आणि स्वतःहून म्हणाली, "अरे, हा माझ्या नवऱ्याचे नावसुद्धा विचारत नाही."

पैशांच्या मागणीचे प्रकारही ओळखून ठेवण्यासारखे आहेत. पहिली मागणी बहुधा लहान असते आणि ती वकिलाच्या शुल्काची किंवा शपथपत्राची असते. ती भरली की काळ्या पैशाशी संबंध नसल्याचे प्रमाणपत्र, मग वारसा कर, मग रक्कम हस्तांतरणाचा 'कोड', मग सीमाशुल्क अशी मालिका सुरू होते, आणि प्रत्येक वेळी 'ही शेवटचीच' असे सांगितले जाते. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली आहे, तेव्हा येथील कोणत्याही कार्यालयाच्या नावाने वारसा कर मागितला गेला तर तो खोटाच असतो. ब्रिटनमध्ये असा कर आहे, परंतु तो मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने त्या मालमत्तेतून चुकवायचा असतो. पुण्यात बसलेल्या वारसाने एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यात यूपीआयने भरायचा नसतो. लंडनच्या वकिलाचे शुल्क भारतातील कोणाच्या तरी खासगी खात्यात का मागितले जाते, हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काही उलगडते. अशी खाती बहुधा तिसऱ्याच माणसाच्या नावावर असतात आणि त्याला थोडी दलाली देऊन वापरली जातात.

रिझर्व्ह बँकेच्याच नावाने आणि बोधचिन्हासह ईमेल आला तर अधिक दक्षता हवी, कारण तेथे 'उद्गम'चा उल्लेखही असू शकतो. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवत नाही आणि 'आपल्या नावे निधी मंजूर झाला आहे' असे कोणाला कळवत नाही, हे तिने स्वतः वारंवार जाहीर केलेले आहे. 'उद्गम'चा पत्ता रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या, म्हणजे आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळाखालीच येतो. तो ब्राउझरमध्ये स्वतः टंकलिखित करावा, ईमेलमधील दुव्यावर टिचकी मारू नये. बँकांच्या बाबतीतही ओळख आता सोपी झाली आहे, कारण ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने त्यांना दिला होता. ईमेल पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव आणि प्रत्यक्ष पत्ता वेगळा आहे का, उत्तर तिसऱ्याच पत्त्यावर जाते का, आणि 'प्रति' या जागी आपला पत्ता आहे की नाही, एवढे पाहायला फार वेळ लागत नाही.

सेवेतील उणिवांबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. मार्च २०२४ पर्यंत तीस बँका तिच्यात सहभागी झाल्या होत्या आणि रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार मूल्याच्या हिशेबाने सुमारे ९० टक्के बेवारस ठेवी त्यांत आल्या. देशाच्या पातळीवर हा आकडा चांगला आहे, पण पुण्याच्या घरांचा हिशेब थोडा वेगळा आहे. येथील मध्यमवर्गाने आपली बचत मोठ्या प्रमाणावर नागरी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत ठेवली. त्या तीस बँकांच्या यादीत सहकारी बँकांना फारच थोडी जागा मिळाली, आणि पतसंस्था तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येत असल्याने रिझर्व्ह बँकेच्या या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत. 'उद्गम'वर नाव सापडले नाही म्हणजे ठेव नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढू नये. संबंधित बँकेच्या संकेतस्थळावरील बेवारस ठेवींची यादी स्वतंत्रपणे पाहावी आणि पतसंस्थेच्या बाबतीत मूळ पावती घेऊन थेट तिच्या कार्यालयात जावे.

बँकांच्या विलीनीकरणाची अडचण याहून त्रासदायक आहे, कारण ती सेवा वापरणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. जुन्या पासबुकावरील बँक आज त्या नावाने अस्तित्वात नसते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. पुण्यातील श्री सुवर्ण सहकारी बँक २००९ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेकडे गेली. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात आणि सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत सामावली. ज्याला हा इतिहास माहीत नाही, तो चुकीच्या नावावर शोध घेऊन निराश होईल. जुने नाव टाकल्यावर आजच्या बँकेचे नाव सुचवणारी एखादी यादी तेथे असती, तर विशेषतः पश्चिम महाराष्ट्रातील लोकांची मोठी सोय झाली असती.

नावांच्या स्पेलिंगचा प्रश्नही तितकाच खरा आहे. लक्ष्मीबाईंचे नाव एका पासबुकावर एका पद्धतीने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. स्त्रियांच्या जुन्या खात्यांवर माहेरचे नाव असण्याचा संभवही धरला पाहिजे. आम्हाला आत्याच्या सासऱ्यांचे खाते सरळ नावाने मिळाले नाही, आद्याक्षरे पुढे घेतल्यावर मिळाले. शोध घेणाऱ्याने म्हणून शक्य तितक्या रूपांनी नाव टाकून पाहावे.

शाखेतील अनुभव सुखाचा होता असे म्हणता येणार नाही. बँकेचे नाव मी येथे घेत नाही, पण शहराच्या मध्यभागी असलेल्या त्या शाखेत यूडीआरएन म्हणजे काय हे प्रथम आम्हालाच समजावून सांगावे लागले, आणि निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क पडेल असेही एका खिडकीवर सांगितले गेले. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार असे शुल्क घेता येत नाही. ते परिपत्रक छापून सोबत नेल्यावर विषय मिटला. महानगरपालिकेचा मृत्यू दाखला, नामनिर्देशन असल्यास त्या व्यक्तीची ओळखपत्रे, आणि नसल्यास वारसांची संमती व हमीपत्र, अशी तयारी आधीच केलेली बरी. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल, तर शिवाजीनगरच्या न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते आणि त्याला वेळ लागतो. ही दगदग कमी व्हायला हवी यात शंका नाही, तरीही प्रत्येक टप्प्यावर 'तुम्ही त्यांचे कोण?' हा प्रश्न विचारला गेला, याचे मला वाईट वाटले नाही.

विमा, समभाग आणि म्युच्युअल फंड यांसाठी 'उद्गम' उपयोगाचे नाही. आयुर्विमा महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमा शोधता येतात. सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि त्यासोबतचे समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. म्युच्युअल फंडांसाठी सेबीने २०२५ मध्ये 'मित्र' ही सेवा आणली. या ठिकाणीही शोध घेण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून 'तुमचे पैसे शोधून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असे फोनवर सांगणाऱ्यांनाही वारशाच्या ईमेलच्याच पंक्तीत बसवावे.

कोणी पैसे पाठवले असतील, तर त्याला बोल लावण्यात वेळ घालवू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवली गेली तरच ती वाचण्याची आशा असते. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड येथे पोलिसांची वेगवेगळी आयुक्तालये आहेत, पण १९३० वरील तक्रारीसाठी हद्दीचा विचार करत थांबण्याचे कारण नाही. ईमेल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि संदेश पुसून टाकू नयेत. फसलेल्या माणसांच्या याद्या पुढे विकल्या जातात. काही आठवड्यांनी 'आपले गेलेले पैसे परत मिळवून देतो' असा ईमेल येतो आणि त्यातही शुल्क मागितले जाते, हे त्या कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे. खऱ्या दाव्यावर बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तो अकारण नाकारला, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि त्या तक्रारीलाही कोणतेही शुल्क लागत नाही.